घरच्या चवीचा धंदा: पहिल्या घाण्यापासून पंचेचाळिसाव्या दिवसाच्या पाकिटापर्यंत

घरी केलेला कुरकुरीत पदार्थ पाहुण्यांसमोर ठेवला, बोलता बोलता डबा रिकामा झाला आणि कुणीतरी म्हणालं, "हे विकायला काढा हो!" घरगुती खाऊचे बहुतेक धंदे याच वाक्यातून निघतात. आमचाही तसाच निघाला. पण पाहुण्यांनी खाल्लं ते त्याच सकाळी तळलेलं होतं. गिऱ्हाईक खाणार ते पाच-सहा आठवड्यांपूर्वी तळलेलं, गाडीत हादरे खाल्लेलं आणि दुकानाच्या काचेमागे उन्हात बसलेलं. त्या दिवशी पाकीट फोडल्यावर जी चव लागते ती तुमचा माल. माप, तेल, पाकीट, किंमत हे सगळं त्या पंचेचाळिसाव्या दिवसावर नजर ठेवून ठरवायचं. नवीन माणूस हे उलटं करतो: आधी नाव, मग चित्राचं पाकीट, मग जाहिरात आणि शेवटी कधीतरी माल टिकतो का ते बघतो.

आधी मूठ जोखा

आमच्याकडे पाककृती कुठे लिहिलेली नव्हती. आईला विचारलं, मीठ किती? "लागेल तेवढं." मोहन किती? "मुठीत पीठ धरून बघायचं." यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तिचं बरोबरच असतं. तिचे हात जे करतात ते तिला शब्दांत सांगता येत नाही एवढंच.

म्हणून विचारू नका, जोखा. ओट्यावर पिठाचा डबा, मिठाची बरणी, तिखटाचा डबा, मोहनाच्या तेलाचं भांडं आणि पाण्याचा तांब्या मांडा. प्रत्येकाचं वजन करून कागदावर लिहा. मग आईला नेहमीसारखं करू द्या. मध्ये चमचा हातात देऊ नका, चमचा आला की हात बदलतो. काम झालं की तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक, तेवढाच जिन्नस पडला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पिठाला पुरतो. मीठ-मसाल्याला ०.१ ग्रॅमचा घ्या.

हे पाच वेगवेगळ्या दिवशी करा. आमच्या पाच दिवसांत मिठाच्या मुठीत जवळपास एक तृतीयांशाचा फरक निघाला. आईला तो सांगितला तेव्हा तिने काटाच खोटा ठरवला. मग पाचही दिवसांचे नमुने तिच्यासमोर न सांगता ठेवले आणि तिने दोन बाजूला काढले, "हे आपले." त्या दोन दिवसांची मापं आम्ही पक्की धरली. पाचांची सरासरी काढली असती तर कुणालाच न आवडणारं काहीतरी मध्यम हाती लागलं असतं.

मापं टक्क्यांत लिहा. पीठ १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबाने: मोहन १२, मीठ २, पाणी इतकं, मसाला इतका. मग पीठ दोन किलो असो की चाळीस, गणित एका ओळीत होतं आणि चूकही चटकन दिसते. एखाद्या दिवशी मिठासमोर २ ऐवजी ३.५ लिहिलेलं दिसलं, तर पीठ भिजण्याआधीच थांबता येतं.

डोळ्याने आणि कानाने कळणाऱ्या खुणाही आकड्यांत आणायच्या. "बुडबुडे कमी झाले की काढायचं" या वाक्यात खरं शास्त्र आहे. बुडबुडे म्हणजे पदार्थातल्या पाण्याची वाफ. ते मंदावले म्हणजे पाणी बहुतेक गेलं. ते किती मिनिटांनी मंदावतात आणि तेव्हा तेल किती अंशांवर असतं, हे थर्मामीटर आणि घड्याळ लावून लिहून ठेवा. उद्या तळणारा माणूस दुसरा असेल, त्याला ही वही लागेल.

मोठी कढई वेगळी वागते

दोन किलोचं वीस किलो करताना जिन्नस दहापट होतात, उष्णता होत नाही. थोड्या तेलात एकदम जास्त माल सोडला की तेलाचं तापमान धाडकन उतरतं. माल मग तळला जाण्याऐवजी तेलात भिजत बसतो आणि तेल पितो. साधारण हिशोब असा ठेवा: एका वेळी जेवढा कच्चा माल सोडाल त्याच्या निदान सहापट वजनाचं तेल कढईत हवं. बहुतेक कुरकुरीत पदार्थांना १७० ते १८० अंश सेल्सिअस चालतं. घाणा सोडल्यावर तेल किती उतरतं आणि पुन्हा वर यायला किती वेळ घेतं, हे बघा. त्या वेळेवरून तुमचा घाणा केवढा असावा ते ठरतं.

उलट चूकही होते. आच मोठी ठेवली की बाहेरून रंग लवकर चढतो आणि आत ओलावा राहतो. कढईतून काढताना तो कळत नाही. चार-पाच दिवसांत आतला ओलावा बाहेरच्या थरात पसरतो आणि बंद पाकिटातला माल मऊ पडतो. मग आपण पाकिटाला शिव्या घालतो. चांगल्या तळलेल्या कुरकुरीत मालात शेवटी पाणी २ टक्क्यांच्या आसपास उरलेलं असतं. त्यापुढे जितकं जास्त, तितका तो लवकर सादळणार.

आम्ही पहिल्यांदा दहा किलो पीठ एकदम भिजवलं. पहिले घाणे खुसखुशीत, शेवटचे चार दगडासारखे. पीठ तेच, तेल तेच. शेवटचा गोळा दोन तास पडून होता आणि तेवढ्यात त्याचा पोत बदलला होता. तेव्हापासून दर वीस मिनिटांना पुरेल एवढंच पीठ भिजवतो. हात जास्त चालतात, पण पहिलं आणि शेवटचं पाकीट एकसारखं निघतं. म्हणून दोनवरून पाच, पाचवरून दहा, दहावरून वीस असं चढा आणि प्रत्येक पायरीवर तीन वेळा सारखा माल निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगाबद्दल एक गोष्ट. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ जास्त तापवले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं घातक रसायन तयार होतं. ते १२० अंशांच्या वर, काही साखरा आणि ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल यांच्यातून बनतं आणि रंग गडद होत जातो तसं वाढतं. युरोपीय संघात २०१८ पासून उत्पादकांना ते कमी ठेवण्याचे उपाय करावेच लागतात. तुमच्या वहीत त्याची नोंद एका ओळीची: सोनेरी चालेल, तपकिरी नको. बटाट्याचं काही करत असाल तर कच्चे बटाटे ६ अंशांपेक्षा थंड जागी ठेवू नका, त्यांच्यातली साखर वाढते आणि तळताना ते लगेच काळवंडतात.

तेलाला वय असतं

घरी तळणीचं उरलेलं तेल भाजीत जिरतं. धंद्यात तेच तेल रोज तापतं आणि नव्या माणसाचा माल सगळ्यात जास्त इथेच मार खातो. ताज्या घाण्यात थकलेल्या तेलाची चव लागत नाही. ती तिसऱ्या आठवड्यात पाकिटातून येते. खवट.

तेल तीन गोष्टींनी बिघडतं: उष्णता, हवा आणि मालातून येणारं पाणी. खाली बसलेला जळका चुरा त्यात भर घालतो, म्हणून दिवसातून निदान एकदा तेल गाळा. लोखंड आणि तांबं तेल खवट होण्याचा वेग वाढवतात, तेव्हा कढई आणि झारा स्टेनलेस स्टीलचा घ्या, पितळी झारा कितीही जुना आणि लाडका असला तरी. मीठ कढईवर धरून भुरभुरवू नका, माल बाहेर काढून मग लावा. दोन घाण्यांत मोठा खोळंबा असेल तर आच कमी करा.

फेस राहायला लागला, रंग गडद झाला, तेल दाट वाटू लागलं, नेहमीपेक्षा कमी आचेवर धूर निघाला, की ते तेल गेलं. नेमकं मोजायचं असेल तर तेलातले ध्रुवीय घटक (तेल बिघडताना त्यात वाढत जाणारे पदार्थ) दाखवणारं छोटं यंत्र किंवा पट्ट्या मिळतात. अनेक देशांच्या कायद्यात २५ टक्के ही वरची हद्द आहे. आम्ही त्याच्या बरंच आधी तेल बदलतो, कारण २४ टक्क्यांच्या तेलातला माल कायद्याने चालला तरी पंचेचाळीस दिवस निघत नाही.

कुठलं तेल घ्यायचं? ज्यात ओलेइक आम्ल नावाचं स्निग्ध आम्ल जास्त आहे अशी तेलं आणि पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग) तळणीत टिकतात. लिनोलेइक हे दुसरं स्निग्ध आम्ल जास्त असलेली तेलं लवकर खवटतात. पण पाककृतीची ओळख तेलाच्या वासावरच असेल, तर ते तेल बदलू नका. टिकण्याचा प्रश्न पाकिटात सोडवा, किंवा तारीख जवळची छापा. चव बदलून टिकवलेला माल घरच्यांना ओळखू आला नाही तर घरच्या चवीच्या नावाने विकायचं तरी काय?

कोरड्या मालाचा खोटा धीर

"आपला माल कोरडा आहे, त्याला काय होतंय" हे मी स्वतः म्हटलेलं वाक्य आहे. अर्धं खरं आहे. मालातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं याचं मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर होतं, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. ०.८५ च्या खाली आजार करणारे जीवाणू वाढू शकत नाहीत आणि ०.६० च्या खाली बुरशीसकट काहीच वाढत नाही. कुरकुरीत माल याच्याही बराच खाली असतो.

वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. साल्मोनेला नावाचा जीवाणू कोरड्या पदार्थात महिनोन् महिने जिवंत राहतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या लोण्यातून त्याची साथ पसरली. ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ९ जण दगावले. तोही कोरडा, तेलकट, वर्षभर टिकणारा म्हणून निर्धास्तपणे खाल्ला जाणारा माल.

कढईत जे जातं ते १७० अंशांतून निघतं, त्यामुळे तिथे जंतू उरत नाहीत. धोका त्यानंतर सुरू होतो. तळल्यावर वरून भुरभुरवलेला कच्चा मसाला, न भाजलेले दाणे, मिसळणारे हात, कापड, पाट. वरून लावायचा मसाला निर्जंतुक केलेला, तसा दाखला देणाऱ्याकडूनच घ्या. पीठ हाताळणारे हात तळलेल्या मालाकडे जाता कामा नयेत. मधल्या जागेत नुसती चिकटपट्टी मारून रेघ आखली तरी फरक पडतो. आणि कोरड्या खोलीत पाण्याने धुण्याची हौस आवरा. ओलसर कोपऱ्यात पडलेला चुरा म्हणजे जंतूंना मांडलेलं ताट. तिथे ब्रश, कोरडं फडकं आणि चुरा ओढून घेणारं यंत्र वापरा. पाणी वापरावंच लागलं तर जागा पूर्ण वाळल्याशिवाय काम सुरू करू नका.

ॲलर्जीचं थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नका. गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणा, झाडावरची कवचफळं, मासे, कवचधारी जलचर आणि तीळ यांची नावं पाकिटावर स्पष्ट हवीत. यादी देशोदेशी थोडी बदलते. युरोपीय संघात ती १४ नावांची आहे, अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून आला. दाणे तळलेल्या तेलात बिनदाण्याचा माल तळला तरी तो दाण्याचाच धरायचा.

पाकीट: तीन चोर

ओलावा, हवा आणि उजेड. पाकिटाचं काम या तिघांना बाहेर ठेवण्याचं.

१९२६ च्या सुमारास अमेरिकेत लॉरा स्कडर नावाच्या बाईंनी बटाट्याचे काप विकायला काढले. तेव्हा असा माल पिंपातून आणि काचेच्या पेटीतून सुटा विकला जाई आणि तळाचा भाग सादळून भुगा झालेला असे. त्यांनी कामगार बायकांना मेणकागद घरी दिला. त्या इस्त्रीने कडा चिकटवून पिशव्या करत. दुसऱ्या दिवशी त्यात माल भरून तोंड बंद केलं जाई. त्यावर ताजेपणाची तारीखही टाकायला त्यांनी सुरुवात केली. तुम्ही आज जे करणार आहात ते यापेक्षा फार निराळं नाही, फक्त इस्त्रीच्या जागी सीलिंग मशीन आलं.

साध्या पॉलिथिनच्या पारदर्शक पिशवीतून पाण्याची वाफ बरीचशी अडते, पण प्राणवायू आरपार जातो आणि उजेडाला तर मोकळं रान. आठवड्यात संपणाऱ्या मालाला ती पुरे. महिन्याच्या पुढे जायचं असेल तर धातूचा मुलामा दिलेली अनेक थरांची फिल्म लागते. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. पाकिटात नायट्रोजन भरून तो २ टक्क्यांच्या खाली आणला की खवटपणा बराच लांबतो, शिवाय फुगलेल्या पाकिटात माल कमी चुरतो. सुरुवातीलाच ते यंत्र घेऊ नका. आधी चांगली फिल्म आणि पक्कं सील एवढ्यावर किती दिवस निघतात ते बघा. कदाचित तेवढंच पुरेल.

सील तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बंद पाकीट पाण्याच्या टबात बुडवून हलकेच दाबा. बुडबुडा आला तर ते सील नाही. दर तासाला एक पाकीट असं दाबायचं. गळणाऱ्या दहा पाकिटांतल्या नऊंमध्ये आम्हाला सीलच्या रेघेत अडकलेला पीठमसाल्याचा कण सापडला. भरताना पाकिटाच्या तोंडात नरसाळं धरलं की तो त्रास जवळजवळ संपतो.

भरण्याची वेळही नेमकी हवी. गरम माल भरला तर आत वाफ धरते. आम्ही घाईत एकदा कोमट माल भरला आणि चौथ्या दिवशी दुकानदाराने सगळा लॉट परत पाठवला, एकही पाकीट वाजत नव्हतं. त्या धसक्याने पुढचा माल रात्रभर उघडा ठेवला, तर दमट हवेत तो पाकिटाबाहेरच सादळला. खोलीच्या तापमानाला आला की लगेच भरायचा, ना आधी ना मग. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी काम तळणीपाशी अडत नाही, गार करण्याच्या पाटांपाशी अडतं. दुसरी कढई घेण्याआधी जाळीचे पाट आणि पंखे मोजा.

तारीख कशी ठरवायची

एका घाण्याची चाळीस पाकिटं बाजूला काढा. चार घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये टाका, ती तुलनेसाठी. उरलेली तीन ठिकाणी वाटा: कपाटात, खिडकीत आणि घरातल्या सगळ्यात गरम जागी. दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणचं एक फोडा. अधूनमधून फ्रीझरमधला नमुना खोलीच्या तापमानाला आणून शेजारी ठेवा आणि चाखा. ताजी चव लक्षात राहते असं आपल्याला वाटतं, पण ती राहत नाही, दर आठवड्याला आपण थोड्या शिळ्या चवीला सरावतो.

चाखण्याबरोबर वजनही करा. काही पाकिटं न फोडता दर आठवड्याला ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. वजन वाढलं म्हणजे बाहेरचा ओलावा आत शिरला. १०० ग्रॅमच्या पाकिटात दोन-तीन ग्रॅम वाढले की माल मऊ झालेला असणारच. म्हणजे पाकीट चोर आहे की तेल, हे वजन आणि वास मिळून कळतं: वजन तेच आणि वास खवट, तर दोष तेलाचा किंवा आत राहिलेल्या हवेचा.

माल जास्त तापमानाला ठेवून वेळ वाचवता येतो. १० अंश वाढले की रासायनिक बिघाड साधारण दुप्पट वेगाने होतो, असा ढोबळ नियम आहे. पहिला अंदाज घ्यायला ठीक. छापायची तारीख मात्र खऱ्या चाचणीवरून ठरवा आणि हात राखून छापा. साठाव्या दिवशी नाक मुरडलं, तर पाकिटावर पंचेचाळीस.

पैसा: मागून पुढे मोजा

नवा माणूस खर्चात नफा मिळवून किंमत काढतो. उलटं करा. छापील किंमत १०० धरा. दुकानदार २५ ठेवतो, उरले ७५. वितरक त्यावर १० टक्के घेतो, म्हणजे ७.५०. तुमच्या हाती ६७.५०, कर वेगळा. परत आलेला माल, फुकट वाटलेले नमुने, फुटलेली पाकिटं यात आणखी ५ गेले तर उरले ६२.५०. हे प्रमाण जागेप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलेल, पण बेरीज-वजाबाकी हीच. आता तुमचा खर्च ६० असेल तर तुम्ही हौस करताय, धंदा नाही. आज थेट गिऱ्हाइकाला विकत असलात तरी किंमत या हिशोबाने ठेवा. नंतर दुकानात जायचं ठरलं की किंमत वाढवावी लागते आणि जुनी गिऱ्हाइकं रागावतात.

खर्चात काय काय धरायचं? पीठ-मसाला सगळे धरतात. मालाने प्यायलेलं तेल आणि फेकून दिलेलं तेल, इंधन, पाकीट, लेबल, खोका, वाहतूक, जागा, तळताना पडलेली तूट हे अर्धे लोक विसरतात. चार किलो कच्च्या बटाट्याचे साधारण एकच किलो काप होतात, बाकीचं वाफ होऊन जातं. आणि घरच्यांची मजुरी जवळजवळ कुणीच धरत नाही. आई फुकट तळते तोवर नफा दिसतो. तिचे गुडघे दुखायला लागून माणूस ठेवला की तो नफा त्या माणसाच्या पगारात जातो. पहिल्या दिवसापासून तिच्या नावाने वहीत मजुरी मांडा आणि द्याही.

४० टक्के चढवणं आणि ४० टक्के सुटणं यात गल्लत होते. ६० च्या मालावर ४० टक्के चढवले की किंमत ८४. त्यातले तुमचे २४, म्हणजे विक्रीच्या २८.६ टक्के.

भरताना हात सैल सोडला की दुसरी गळती. १०० ग्रॅमच्या पाकिटात १०४ ग्रॅम गेलं तर चार टक्के माल फुकट गेला. नफा दहा टक्के असेल तर त्यातला मोठा वाटा तिथेच सांडला. कमी भरणं मात्र बेकायदा आहे, म्हणून चांगला काटा घ्या आणि रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून तो तपासा.

सगळ्यात फसवी गोष्ट उधारी. समजा दर आठवड्याला १०० खर्च होतात आणि दुकानदार पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कुठल्याही क्षणी साडेसहा आठवड्यांचा, सुमारे ६५० चा खर्च बाहेर अडकलेला. मागणी दुप्पट झाली की १३०० अडकणार. कागदावर नफा आणि गल्ल्यात खडखडाट, असे धंदे मी मागणी वाढल्यावर बंद पडताना पाहिले आहेत. मोठी ऑर्डर आली की आनंद करण्याआधी विचारा, पैसे कधी? आगाऊ काही देत नसतील तर त्यांच्या मागणीच्या अर्धाच माल द्या.

परवाना, लेबल, लॉट

विकण्याआधी नोंदणी किंवा परवाना लागतोच. घरच्या स्वयंपाकघरात करून चालेल की वेगळी जागा हवी, हे देशाप्रमाणे ठरतं. जागेवर खर्च करण्याआधी अन्नसुरक्षा कार्यालयात जाऊन विचारा. लेबलवर नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, ॲलर्जीची माहिती, लॉट क्रमांक, तारीख आणि पत्ता, एवढं बहुतेक सगळीकडे हवं असतं. छापील रोलची किमान ऑर्डर फार मोठी असते, म्हणून पहिलं वर्ष कोरी पाकिटं आणि स्टिकर. लेबलात चूक निघतेच, निदान एकदा.

लॉट क्रमांक म्हणजे नुसती तारीख टाकणं नव्हे, त्यामागे वही हवी: त्या दिवशी कुठल्या पोत्याचं पीठ, कुठल्या डब्याचं तेल, कुणी तळलं, माल कुठे गेला. परीक्षा म्हणून घरातल्या कुणालाही एक पाकीट उचलायला सांगा आणि तासाभरात दोन्ही बाजू शोधून दाखवा. प्रत्येक लॉटची दोन पाकिटं तारीख उलटेपर्यंत ठेवा. तक्रार आली की भांडण्याऐवजी आपलं पाकीट फोडून बघता येतं.

वाढायचं कसं

एकच पदार्थ, एकच आकार, जास्तीत जास्त दोन चवी. प्रत्येक नवी चव म्हणजे नवं लेबल, नवा साठा, पुन्हा चाळीस पाकिटांची चाचणी आणि न खपलेला नवा ढीग. नातेवाईक दर रविवारी नवी कल्पना सुचवतात. ऐकून घ्या. पहिल्यांदा घेणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यांदा घेणारे मोजा. कौतुक फुकट असतं, दुसऱ्या पाकिटाला पैसे पडतात.

घरात बसेनासं झालं की दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेण्याचा विचार येतो. त्याआधी घरातलं एक काम उरकून घ्या: पाककृती कुणाची? आजीची असेल तर तिच्या सगळ्या नातवंडांची आहे. कोण वापरणार, कुणाला किती, नाव कुणाच्या नोंदणीत, हे धंदा छोटा असताना कागदावर आणा. मोठा झाल्यावर हाच कागद वकिलाकडून करून घ्यावा लागतो. नाव ट्रेडमार्कने राखता येतं. पाककृतीचं राखण बहुधा गुप्ततेनेच होतं. त्याला सोपी युक्ती म्हणजे मसाल्याचं मिश्रण घरीच, वजन करून करायचं आणि कारखान्याला तयार पिशव्या पाठवायच्या: एका गोणी पिठाला एक पिशवी. मिश्रणात काय आहे ते लेबलसाठी आणि ॲलर्जीसाठी कळवावंच लागतं, किती आहे ते तुमच्यापाशी राहतं.

पीठ, तेल, कढई किंवा जागा, काहीही बदललं की तीन वाट्यांची परीक्षा घ्या. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत दुसरा, आणि चाखणाऱ्याने वेगळी वाटी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तीनातला एक जण बरोबर येतोच. बारा जणांत आठ किंवा जास्त बरोबर आले, तर फरक खरा आहे असं धरा.

आम्ही कारखान्यातला पहिला माल आणला तेव्हा बारा जणांत पाचांनी वाटी ओळखली. खूश होऊन तेराव्या वाट्या आईसमोर ठेवल्या. तिने तिन्ही चाखल्या, मधली पुढे सरकवली आणि विचारलं, "याच्या पिठाला मोहन गरम घातलं नव्हतं का?" फोन करून विचारलं. नव्हतं. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन गेलो आणि मोहनाचं तापमान पाककृतीच्या कागदावर चढवलं. त्याआधी ते तिथे नव्हतं, कारण घरी कधी कुणाला ते लिहायचं सुचलंच नव्हतं.